स्लीपिंग बॅगवरचे अंश

स्लीपिंग बॅगवर छापलेले तापमान पूर्वी बरेचसे उत्पादकाच्या अंदाजावर ठरत असे. २००२ च्या ‘ईएन १३५३७’ या युरोपीय मानकाने आणि २०१६ मध्ये त्याची जागा घेणाऱ्या ‘आयएसओ २३५३७’ने त्याला मोजमापाचा आधार दिला. या मानकांच्या चाचणीत माणसाच्या आकाराचा, विजेने तापवलेला पुतळा कपडे चढवून बॅगेत घातला जातो, मॅटवर आडवा केला जातो आणि थंड कक्षात त्याची उष्णता टिकवण्यास किती वीज लागते हे मोजून बॅगेचा उष्णतारोध, म्हणजे उष्णता बाहेर जाण्यास होणारा अडथळा, काढला जातो. त्यावरून गणिताने तीन आकडे निघतात: प्रमाणित स्त्री अंग सैल सोडून झोपू शकेल ते ‘सुखद’ तापमान, प्रमाणित पुरुष अंग आखडून जेमतेम ऊब राखू शकेल ती ‘मर्यादा’, आणि ‘आत्यंतिक’ तापमान, ज्यात झोपेचा प्रश्नच उरत नाही, कारण तेथे हायपोथर्मियाचा, म्हणजे शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत घसरण्याचा संभव असतो. पुतळ्याला अर्थातच भूक, थकवा किंवा ओले मोजे ठाऊक नसतात, म्हणून लडाख वा स्पितीच्या थंडीसाठी बॅग घेणाऱ्याने ‘सुखद’ आकडाच पाहावा आणि त्यातही काही अंश हाताशी राखावेत.