परदेशातली शिकारीची सहल : नागपूरचा जुना अनुभव काय सांगतो?

 

मागच्या व्याख्यानानंतर आम्हाला एक तरुण भेटला. इथेच किराणा ओळीत त्यांचं घरचं दुकान आहे. म्हणाला, "सर, आपल्याकडे शिकार बंद आहे, ते ठीक. पण किर्गिझस्तान, ताजिकिस्तानात म्हणे कंपन्या आहेत. गाइड देतात, घोडे देतात, डोंगरात नेऊन कायदेशीर शिकार करू देतात. आम्ही तिघे मित्र जायचं म्हणतोय. काय काय आखावं लागतं?"

आता या प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांत देता आलं असतं. पासपोर्ट, व्हिसा, बंदूक, गरम कपडे, झालं. पण नागपूरच्या माणसाने हा प्रश्न विचारला, म्हणून आम्ही त्याला म्हटलं, पुढच्या वेळी ये, सविस्तर बोलू. कारण बघा, शिकारीची परदेश-सहल म्हटलं की आज आपण जाणारे असतो. साठ-सत्तर वर्षांपूर्वी उलट होतं. तेव्हा ते 'परदेश' म्हणजे आपलं नागपूर होतं.

नागपूरच का?

१९५० च्या दशकात नागपुरात ॲल्विन कूपर नावाची कंपनी होती. विद्याचरण शुक्ल, म्हणजे पुढे केंद्रात मंत्री झाले ते, १९५१ मध्ये इथल्या मॉरिस कॉलेजातून पदवीधर झाले आणि त्यांनी ही कंपनी काढली. मध्य भारताच्या जंगलांत मोठ्या जनावरांची शिकार आणि छायाचित्रणाच्या सहली आखून देणं हा तिचा धंदा. गिऱ्हाईक बहुतेक परदेशी. अमेरिकन लेखक जॅक डेंटन स्कॉट यांचं 'फॉरेस्ट्स ऑफ द नाइट' हे १९५९ चं पुस्तक मध्य प्रदेशातल्या अशाच शिकारीच्या सहलीवर आहे.

आता मुंबई, दिल्ली सोडून नागपूर का? एक तर रेल्वे. मुंबई-हावडा मार्ग इथूनच जातो. दुसरं विमान. १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशी चार बाजूंची विमानं मध्यरात्री सोनेगावला उतरायची, टपाल आणि प्रवासी यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. म्हणजे देशाच्या कुठल्याही मोठ्या शहरात उतरलेला पाहुणा एका रात्रीत नागपुरात. आणि नागपूरच्या उत्तरेला काय, तर सातपुडा. इतवारी स्टेशनातून छिंदवाड्याला जाणारी नॅरोगेज गाडी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. अडीच फुटी रुळांवरून ती सातपुड्याचा घाट चढायची. पेंच, शिवनी, कान्हा, सगळं त्याच दिशेला.

बरं, या डोंगराची ख्याती काही नवी नव्हती. कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांचं 'हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' १८७१ चं, स्टर्नडेल यांचं 'सिवनी' १८७७ चं, डनबार ब्रँडर यांचं मध्य भारतातल्या वन्य प्राण्यांवरचं पुस्तक १९२३ चं. इंग्रजी वाचणाऱ्या शिकाऱ्याला सातपुडा घरबसल्या ठाऊक होता. कंपनीला जाहिरातीचं अर्धं काम आयतंच मिळालं.

सहल आखली कशी जायची?

हे समजून घ्या, कारण आजच्या पामीरच्या सहलीचा सांगाडाही हाच आहे.

पहिली गोष्ट, जागा आणि तारीख. जंगलाचे 'शूटिंग ब्लॉक' पाडलेले असत. वनखात्याकडून ठरावीक ब्लॉक ठरावीक दिवसांसाठी राखून घ्यायचा, फी भरायची आणि परवान्यात लिहिलं असेल तेवढीच जनावरं मारायची. १९५६ नंतर यात एक गंमत झाली. राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि नागपूरच्या पलीकडचं सातपुड्याचं मोठं जंगल राहिलं मध्य प्रदेशात. म्हणजे दुकान एका राज्यात आणि परवाना दुसऱ्या राज्याचा.

दुसरी गोष्ट, हंगाम. पावसाळ्यात रानात शिरायला वाट नाही. हिवाळा पाहुण्याला सोसवतो, पण तेव्हा गवत उंच, जनावर दिसत नाही. मार्च ते मे अंगाची लाही होते, पण पानझड झालेली, नाले आटलेले, आणि उरलेल्या पाणवठ्यावर वाघाला यावंच लागतं. वाघ पाहिजे असेल तर ऊन सोसा, असा सरळ व्यवहार.

तिसरी गोष्ट, बंदूक. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १० मध्ये आजही एक तरतूद सापडते. सरकारने अधिसूचित केलेल्या देशांच्या खऱ्याखुऱ्या पर्यटकाला, फक्त खेळासाठी, वाजवी प्रमाणात शस्त्रं आणि काडतुसं परवान्याशिवाय सोबत आणता येतात. अटी असतातच. पण कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर शिकारीला येणारा पाहुणा होता, हे त्यातून दिसतं.

चौथी गोष्ट, माणसं. आणि इथे जरा थांबू या. पाहुणा मचाणावर बसायचा, गोळी झाडायचा. त्याआधी काय काय व्हायचं? जंगलातला गोंड किंवा बैगा माणूस पहाटे नाल्याच्या वाळूत पंजाचा ठसा बघून सांगायचा, नर की मादी, रात्री गेला की आत्ता. त्याच्या सांगण्यावरून रेडकू कुठे बांधायचं ते ठरे. वाघाने ते मारलं की जवळच्या झाडावर मचाण. नाहीतर हाका. गावातली माणसं ओळीने ओरडत, डबे बडवत रान हुसकायची. दोन्ही बाजूंच्या झाडांवर काही जण बसवलेले. वाघ वाट सोडून बाजूला वळला, तर त्यांनी खोडावर हलकेच काठी टकटकवायची की तो पुन्हा मधल्या वाटेला लागतो. हातात बंदूक फक्त मचाणावरच्याच्या. जखमी वाघ झाडीत शिरला तर पायी कोण सापडणार? हाक्यातलाच माणूस. त्याची मजुरी दिवसाची. आणि शिकारीच्या पुस्तकांत रायफलचा नंबर, गोळीचं वजन, वाघाची लांबी इंचात मिळते. ठसा ओळखणाऱ्याचं नाव क्वचित मिळतं.

राहून गेलेला रकाना

तर मंडळी, तारीख, ब्लॉक, फी, बंदूक, तंबू, स्वयंपाकी, जीप, सगळे रकाने भरलेले. मग एक रकाना कोणता राहिला? रानात वाघ आहेत किती?

आपण इतवारीत बसलो आहोत. इथल्या व्यापाऱ्याला विचारा, बाबा, पन्नास पोती तूर हवी. तो आधी गोदामात माणूस पाठवेल, मग भाव सांगेल. गोदामात काय आहे ते न बघता सौदा करणाऱ्याचं दुकान किती दिवस चालेल? जंगलाच्या बाबतीत नेमकं हेच झालं. परवान्यावर आकडा होता. पण तो आकडा मोजणीतून आलेला नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशात ४०,००० वाघ असावेत असा ई. पी. जी यांचा अंदाज पुष्कळ वेळा सांगितला जातो. तो अंदाजच होता.

नोव्हेंबर १९६९ मध्ये निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाची महासभा दिल्लीत भरली आणि वाघ धोक्यात आहे हे जगासमोर मांडलं गेलं. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. शिकार कंपन्यांचा मुद्दा होता परकीय चलनाचा. तो खोटा नव्हता, डॉलर खरंच येत होते. पण १९७२ मध्ये पाऊलखुणांवरून देशव्यापी गणना झाली आणि आकडा आला १,८२७. त्या पद्धतीवर पुढे पुष्कळ टीका झाली, ती रास्तही आहे. तरी गोदामाचं दार उघडून बघितलं ते तेव्हाच, सौदे करून झाल्यावर.

त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत आपलं मेळघाट आणि शेजारचं कान्हा, दोन्ही होती. एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. १९७२ च्या मूळ कायद्यात काही जनावरांच्या शिकारीसाठी परवाने होते. ते दार १९९१ च्या दुरुस्तीने बंद झालं.

सगळा दोष शिकाऱ्यांवर टाकू नका, हं. जंगलं तुटली, शेती वाढली, विषप्रयोग झाले, कातड्यांचा व्यापार होता. शिकारीची सहल हे त्यातलं एक कारण. पण ज्या धंद्यात सगळं कागदावर होतं, त्यात मुख्य मालाची नोंद नसावी, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता त्या तरुणाचं उत्तर

आम्ही त्याला जा किंवा जाऊ नको असं सांगत नाही. जायचंच असेल तर कंपनीला पहिला प्रश्न गोदामाचा विचारायचा. या खोऱ्यात जनावरं किती, मोजली कोणी, केव्हा, आणि यंदा किती मारायची परवानगी आहे?

असा हिशेब ठेवता येतो, याचं उदाहरण शेजारच्या पाकिस्तानात आहे. मारखोर नावाचा पिळदार शिंगांचा डोंगरी बोकड तिथे संपत आला होता. वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइटीस या आंतरराष्ट्रीय कराराखाली १९९७ मध्ये पाकिस्तानला वर्षाला सहा मारखोरांचा कोटा मिळाला, २००२ मध्ये तो बारा झाला. अख्ख्या देशाला बारा! परवान्याचा लिलाव होतो, एकेक परवाना एक लाख डॉलरच्याही वर गेला आहे, आणि त्यातले ८० टक्के डोंगरातल्या गावांना जातात. पूर्वी जो गावकरी मांसासाठी मारखोर मारायचा, तोच आता राखण करतो. पैसा घेऊन प्राणी मारू द्यावा का, यावर जगभर वाद आहे आणि तो मिटलेला नाही. लिलावाचा पैसा गावात नीट वाटला जातो का, हेही ठिकठिकाणी तपासावं लागतं. पण तिथे आधी गणना, मग कोटा, मग परवाना असा क्रम आहे. आपल्याकडे तो उलटा होता.

दुसरा प्रश्न माणसांचा. तुमच्याबरोबर डोंगर चढणारा गाइड त्याच गावचा आहे का, त्याला काय मिळतं, त्याचा विमा आहे का? पामीरमध्ये चार हजार मीटरच्या वर चालावं लागतं. विरळ हवेची सवय व्हायला मोकळे दिवस ठेवावे लागतात. ते वाचवले तर जीवावर बेततं, तुमच्याही आणि तुम्हाला खाली आणणाऱ्याच्याही.

तिसरा प्रश्न कायद्याचा, आणि तो इथला. स्वतःची बंदूक देशाबाहेर न्यायची तर त्याच कलम १० मध्ये खासगी वापरासाठी वाजवी प्रमाणात नेण्याची वेगळी सूट आहे, ती आपल्याला लागू होते का ते आधी तपासा. पर्यटकाची सवलत येणाऱ्या परदेशी माणसाला आहे, आपल्याला नाही. आणि शिंगं घरी आणायचा बेत असेल तर तो आधीच तपासा. मार्को पोलो मेंढा, मारखोर हे साइटीसच्या यादीत आहेत. भारत १९७६ पासून या करारात आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीने त्याचे नियम आपल्या वन्यजीव कायद्यातच आले. तिकडच्या कंपनीने "होऊन जाईल" म्हटलं म्हणून आपल्या विमानतळावर होऊन जात नाही.

शेवटी एक सांगतो. नागपूरहून दोन-तीन तासांत पेंच येतं. तिथल्या सफारीची आखणी नीट बघा. तारीख, गेट, परवाना, गाइड; रकाने तेच जुने. पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद, तेही तसंच. फरक एवढाच की गाड्यांची संख्या ठरलेली आहे आणि वाघांची मोजणी आधी होते. २०२२ च्या गणनेत देशात ३,६८२ वाघांचा अंदाज आला, त्यातले ४४४ महाराष्ट्रात. जीपमध्ये पुढे बसलेला जंगलाकाठच्या गावातला गाइड धुळीतला ठसा बघून सांगतो, नर की मादी, रात्री गेला की आत्ता. त्याच्या शर्टावर नावाची पट्टी असते. पुढच्या वेळी गेलात तर ते नाव वाचा, आणि त्याला नावाने हाक मारा.

त्या तरुणाला आम्ही म्हटलंय, किर्गिझस्तानच्या कंपनीला आधी हे तीन प्रश्न लिहून पाठव. उत्तर आलं की घेऊन ये, आपण मिळून वाचू.