श्वानदंश : भगत की लस?

वाडीवस्तीवर कुत्रा चावला की आजही आधी भगत आठवतो. जखमेत तिखट वा चुना भरतात. रेबीजचे विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतात. या प्रवासास बहुधा काही आठवडे लागतात. लसीला मिळणारा अवकाश तेवढाच. लक्षणे उमटल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांनी ९ वर्षांच्या जोसेफ मायस्टरला लस देवविली, ती याच अवकाशात. भगताचा ‘गुण’ येतो, तो मुळात कुत्रा पिसाळलेला नसतो म्हणून! तथागतांनी कालामांना ऐकीव गोष्ट पारखावयास सांगितले होते. जखम वाहत्या पाण्यात साबणाने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. लसीच्या सर्व मात्रा घ्याव्यात. वसतिगृहातील मुलाने ओरखडा दाखविला, तर अधीक्षकांनी रागावू नये. धाकापोटीच मुले तो लपवितात.