बियाला राखलेला दोडका

हस्ताचा पाऊस गडगडून गेला की कोकणातल्या परड्याची उतरती कळा सुरू होते. मृगात लावलेले दोडका, पडवळ, कारलं, तवसं यांचे वेल तोवर चार महिने राबून थकलेले असतात. चित्रा नक्षत्र लागेपर्यंत दुपारचं ऊन चटके देऊ लागतं, पहाटे दव पडतं आणि पानांवर पांढरी भुरी चढते. आधी बुडाकडची पानं करपतात. शेंडा मात्र हिरवागार असतो, आणि दोडका तर रोज संध्याकाळी एखाददुसरं पिवळं फूल उमलवतोच. फुलं येत असताना वेल उपटायला हात धजत नाही.

तरी खरं सांगायचं तर थोडं हायसंही वाटतं. पावसाळाभर सकाळी उठून गोगलगायी वेचायच्या, वाऱ्याने कललेला मांडव सावरायचा, पडवळं सरळ वाढावीत म्हणून टोकाला दगड बांधायचे. फळमाशीने डंख मारलेली कोवळी तवसं तोडून लांब खड्ड्यात पुरायची. हे सगळं आता संपणार. पण सकाळी चहा घेऊन मांडवाखाली जायचं निमित्तही त्याबरोबरच संपणार, आणि ते मनाला लागतं.

या दिवसांत माझी नजरच बदलते. चार महिने एकच धास्ती असते, फळ जून होण्याआधी खुडलं पाहिजे. पानाआड लपलेला एखादा दोडका निबर झालेला सापडला की चुटपुट लागते. आता मी दोडका निबर कधी होतोय याचीच वाट बघते, कारण तो बियाला राखलेला असतो.

बियाचं फळ हंगामाच्या शेवटी निवडून भागत नाही. थकल्या वेलाची शेवटची फळं खुरटी, त्यांचं बीही पोचट. फळ निवडायचं ते वेल भरात असताना, निरोगी वेलावरचं, सरळ आणि भरीव. देठाला सुंभ बांधून खूण करायची. ही निवड नेमकी गणपतीच्या सुमारास येते. ऋषिपंचमीच्या भाजीला परड्यातलं सगळं हवं असतं, पाहुण्यांनी घर भरलेलं असतं आणि सगळ्यांत देखणा दोडका तेवढा मांडवावर लटकत असतो. शेजारच्या आजी कुंपणापलीकडून बजावतात, “त्याला हात लावू नकोस हो, बियाचा आहे तो.”

पुढे तो हळूहळू पिवळा पडतो, मग तपकिरी होतो, वजनाला हलका होतो. धारा कडक होतात. हलवला की आत बी खुळखुळतं. पूर्ण वाळला की टोकाची छोटी टोपी आपोआप सुटते आणि फळ उलटं धरलं की काळ्या, खडबडीत बिया ओंजळीत पडतात. मागे राहते ती जाळी, अंग घासायला. तवशाची तऱ्हा वेगळी. ते वेलावरच पिकून तांबूस होतं, साल तडकते. मग चिरून बी गरासकट एक-दोन दिवस भांड्यात ठेवायचं. आंबून फेस आला की चोळून धुवायचं. वर तरंगतं ते पोकळ, तळाशी बसतं ते घ्यायचं. सावलीत वाळवून, राख लावून बरणीत भरायचं.

कडू फळं देणाऱ्या वेलाचं बी ठेवत नाहीत. रानात कडू दोडकीचे वेल असतात, मधमाश्या या फुलावरून त्या फुलावर जातात, आणि संकर झाला की पुढच्या वर्षीची भाजी तोंडात घालवत नाही. विकतच्या संकरित बियाण्याचं दुखणं निराळं. त्याची फळं भरघोस, पण त्यांचं बी पेरलं तर तसंच फळ मिळेल याची खात्री नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण हरिता’सारख्या सुधारित जातीचं बी, दुसऱ्या दोडक्याचा परागकण लागू दिला नाही तर, धरता येतं. संकरित वेल असेल तर मात्र शेवटी उपटून टाकण्यापलीकडे काम उरत नाही. मला वाटतं, हंगाम संपल्याची खरी हुरहूर तिथेच अंगावर येते. राखायचं काही असलं की हात गुंतलेले राहतात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली ती असं गावठी बियाणं जपण्यासाठीच. घरोघरच्या बायका हे काम करतच आल्या होत्या. त्या दिवशी ते देशाला दिसलं.

शेवटची तारीख माझ्या हातात नसते. भातं कापून झाली की गुरं मोकळी सुटतात आणि मग परड्याच्या वईचं काही खरं नसतं. त्याआधी वेल उतरवायचे, भुरीची पानं जाळायची, धड काठ्या पडवीत रचायच्या. रिकाम्या जागेत लाल माठ आणि मुळा टाकायचा. आता पाणी आभाळातून येणार नाही, विहिरीवरून आणावं लागेल.

बी सगळं आपल्याच घरात ठेवू नये. उंदरांनी खाल्लं, दमटपणाने कुजलं तर वाणच जातो. म्हणून मी चार घरी वाटते. माझं गेलं तर त्यांच्याकडून परत मागता येतं. अट एकच घालते: पुढच्या गणपतीत पाहुणे कितीही येवोत, सगळ्यांत देखणा दोडका भाजीत जाता कामा नये.