रुंद पन्ह्याचे मुद्रणयंत्र आणि त्याची नोंदवही

नगररचनेचे आराखडे, पुलांची रेखाचित्रे, भिंतीवरील नकाशे, प्रदर्शनांतील भित्तिपत्रके ही नेहमीच्या आकाराच्या कागदावर मावत नाहीत. अशा चित्रांच्या प्रती एके काळी निळ्या छापाच्या पद्धतीने काढीत असत. ह्या पद्धतीचा पाया जॉन हर्शेल ह्या शास्त्रज्ञाने १८४२ साली घातला. पुढे संगणकाच्या आज्ञेप्रमाणे कागदावर लेखणी फिरविणारे प्लॉटर आले आणि कालांतराने शाईचे सूक्ष्म थेंब उडविणाऱ्या यंत्रांनी त्यांची जागा घेतली. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचे डिझाइनजेट हे ह्या प्रकारचे यंत्र १९९१ साली बाजारात आले. अशा यंत्रांत कागद बहुधा गुंडाळीवरून येतो व त्याचा पन्हा २४, ३६, ४४ किंवा ६० इंच असतो. कित्येक कार्यालयांत ह्या यंत्रास आजही प्लॉटर असेच म्हणतात.

असे यंत्र महाग असते व पुष्कळदा अनेक विभाग मिळून ते वापरतात. त्यामुळे काही प्रश्न वारंवार उपस्थित होतात. शाईचा व कागदाचा खर्च कोणाच्या नावे मांडावा? कोणता भाग झिजत आला आहे? जुने यंत्र विकत घेताना त्याने किती काम केले आहे, हे कशावरून ओळखावे? बाहेरील रंगरूपावरून ह्यांचा उलगडा होत नाही. तो पुष्कळ अंशी यंत्राने स्वतः ठेवलेल्या नोंदींवरून होतो.

नोंद टिकते कशी?

वीज बंद केली तरी ह्या नोंदी पुसल्या जात नाहीत. ह्या कामी येणाऱ्या स्मृतिघटकांच्या मुळाशी असलेली कल्पना बेल प्रयोगशाळेतील दाओन कांग व सायमन झी ह्यांनी १९६७ साली मांडली. निरोधक थराने सर्व बाजूंनी वेढलेल्या एका अतिसूक्ष्म पट्टीवर विद्युत्भार साठविला, तर तो तेथे वर्षानुवर्षे अडकून राहतो. भार आहे किंवा नाही, एवढ्यावरून आकडे लिहिता व वाचता येतात. शाईच्या डब्यांवरही बहुधा अशी लहानशी स्मृती बसविलेली असते.

काय मोजले जाते?

लहान मुद्रणयंत्रात किती पाने छापली हे पाहिले म्हणजे कामाची साधारण कल्पना येते. रुंद यंत्रात पानांचा आकार सारखा नसल्याने कागदाची लांबी वा क्षेत्रफळ मोजणे अधिक सोयीचे पडते. ए-० आकाराच्या एका कागदाचे क्षेत्रफळ जवळजवळ १ चौरस मीटर असते. परंतु तेवढ्यानेही भागत नाही. समजा, दोन यंत्रांनी प्रत्येकी १,००० चौरस मीटर कागद छापला. पहिल्याने केवळ बारीक रेषांची चित्रे काढली व दुसऱ्याने गडद रंगांची भित्तिपत्रके. कागदाचा आकडा सारखाच असला, तरी दुसऱ्याच्या मुद्रणशीर्षांवर पडलेला भार कितीतरी अधिक असतो.

म्हणून मुद्रणशीर्षातून उडालेल्या शाईचा हिशेब स्वतंत्र ठेवला जातो. तो थेंबांच्या संख्येवरून काढता येतो. १ पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. एक थेंब ६ पिकोलिटरचा धरल्यास १ मिलिलिटर शाईसाठी सुमारे १६ कोटी ६७ लाख थेंब उडावे लागतात. शीर्ष वाहून नेणाऱ्या गाड्याच्या फेऱ्याही मोजल्या जातात, कारण पट्टा व इतर हलते भाग त्या फेऱ्यांबरोबर झिजतात. कित्येक यंत्रांत हा आकडा ठरावीक मर्यादेस पोहोचला की दुरुस्तीची सूचना मिळते.

नोंद कशी वाचावी?

तीन मार्ग प्रचलित आहेत. यंत्राच्या दर्शनी फलकावरील यादीतून वापराचा तक्ता कागदावर छापून घेणे, हा पहिला. दुसऱ्या मार्गात, यंत्र ज्या जाळ्यास जोडलेले असेल त्यातील संगणकाच्या ब्राउझरमध्ये यंत्राचा आय.पी. क्रमांक लिहिला असता यंत्राचे स्वतःचे पृष्ठ उघडते. त्यावर एकूण वापर, आणि अनेक यंत्रांत प्रत्येक कामास लागलेली शाई व कागदही दिसतो. तिसरा मार्ग मोठ्या संस्थांचा. मुद्रणयंत्रांची माहिती विचारण्याची सर्वसाधारण परिभाषा १९९५ साली निश्चित झाली व २००४ साली सुधारण्यात आली. तीत यंत्राच्या संपूर्ण आयुष्यातील मोजणी आणि शेवटच्या वेळी चालू केल्यापासूनची मोजणी वेगवेगळ्या दिल्या आहेत. मोजणीचे एकक पाने, फूट वा मीटर असू शकते. तेव्हा आकड्याबरोबर एककही पाहिलेच पाहिजे.

आकड्यांच्या मर्यादा

यंत्र थेंबांच्या आज्ञा मोजते, कागदावर पोहोचलेले थेंब नव्हे. छिद्र बुजले असले तरी मोजणी चालूच राहू शकते. तसेच शीर्षे स्वच्छ करण्यात शाई खर्च होते, म्हणून छापलेल्या चित्रांवरून काढलेला खर्च व डब्यांतून गेलेली शाई ह्यांचा मेळ बसेलच असे नाही. भाग बदलल्यावर तंत्रज्ञ त्या भागाचा आकडा शून्यावर आणतो. शून्य दिसले म्हणजे यंत्र नवे, असा अर्थ लावणारा ग्राहक फसतो. स्मृती असलेला विद्युत्फलक बदलल्यास जुने आकडे नव्या फलकावर येतीलच, ह्याचीही खात्री नसते. कामांची यादी तर मर्यादित असते. नवी कामे आली की जुनी गळून पडतात.

यास्तव दर महिन्यास तक्ता छापून त्यावर दिनांक घालावा आणि कोणता भाग केव्हा बदलला हे यंत्राजवळच्या वहीत लिहावे. एका तक्त्यावरून यंत्राची आजची स्थिती तेवढी कळते; लागोपाठच्या बारा तक्त्यांवरून त्याची चाल कळते. गाड्याच्या फेऱ्या नेहमीइतक्याच असताना शाईचा खर्च वाढत चालला, तर एक तर कामाचे स्वरूप बदलले आहे किंवा शीर्षे वरचेवर स्वच्छ करावी लागत आहेत. ह्यांपैकी कारण कोणते, हे तक्ता आणि वही शेजारी ठेवल्यावर ठरविता येते, आणि यंत्र बंद पडण्यापूर्वीच त्यावर उपाय करता येतो.