रक्तातल्या चुन्याचा जमाखर्च

इ. स. १८४९ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला भारतीय गेंडा मेला आणि त्याच्या शवविच्छेदनाचे काम रिचर्ड ओवेन या विख्यात शरीररचनाशास्त्रज्ञाकडे आले. त्या अजस्र देहाची तपासणी करीत असता कंठातील अवटु ग्रंथीला चिकटलेला एक लहानसा, घट्ट, पिवळसर पिंड त्याच्या दृष्टीस पडला. त्याने त्याची इमानेइतबारे नोंद केली आणि तो पुढल्या अवयवाकडे वळला. हेच पिंड मनुष्याच्याही कंठात असतात, हे १८८० साली स्वीडनमधील उप्सालाच्या ईवार सांडस्ट्रोम या तरुणाने दाखवून दिले आणि त्यांना परावटु हे नावही दिले. परंतु त्याचा निबंध स्वीडिश भाषेत छापला गेल्यामुळे बाहेरच्या वैद्यकजगाने त्याची फारशी दखल घेतली नाही, आणि १८८९ साली तो निवर्तला तेव्हा या ग्रंथी कशासाठी आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हते.

ठाऊक होण्याची किंमत मात्र रुग्णच मोजीत होते. व्हिएन्नाच्या बिलरोथ या शल्यविशारदाच्या रुग्णालयात गलगंड काढून टाकलेल्या काही रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर विलक्षण पेटके येत: मनगट वाकून जाई, अंगठा तळव्यात ओढला जाई, बोटे ताठ होऊन एकमेकांना जुळत, आणि कंठाचे स्नायू आवळले तर श्वासच अडे. अशा रुग्णाचा दंड काही मिनिटे पट्ट्याने घट्ट आवळून धरला तर हाच प्रकार मुद्दाम घडवून आणता येतो, आणि डॉक्टर आजही ही परीक्षा करतात. बर्नच्या कोखर या शल्यविशारदाच्या रुग्णांना मात्र पेटके क्वचितच येत. ते पुढे मंद आणि सुजट होत. अमेरिकन शल्यविशारद हॉल्स्टेड याने दोघांचेही काम पाहिले होते, आणि त्याने या भेदाचा उलगडा हाताच्या वळणावरून केला: कोखर रक्तस्राव टाळून, अतिशय नीटसपणे, अवटु तेवढी संपूर्ण काढी, बिलरोथ घाईने कापी, त्यात अवटूचे तुकडे मागे राहत आणि परावटु मात्र निघून जात. दोन शल्यज्ञांच्या स्वभावभेदातून दोन ग्रंथींचे कार्यभेद उघडकीस यावेत, हा योग मला वैद्यकाच्या इतिहासातल्या कोणत्याही योजनाबद्ध प्रयोगापेक्षा अधिक बोधप्रद वाटतो.

बाल्टिमोरच्या मॅक्कॅलम आणि फोग्टलिन यांनी १९०८ च्या सुमारास परावटु काढलेल्या कुत्र्यांना कॅल्शियमचे क्षार शिरेतून दिले, तेव्हा आचके पाहता पाहता थांबले आणि गुंत्याचे सूत्र हाती लागले. प्रौढ मनुष्याच्या देहात सुमारे १ किलोग्रॅम कॅल्शियम असते. त्यातले ९९ टक्के हाडांत, आणि रक्तात केवळ दर १०० मिलिलिटरमागे ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम. परंतु मज्जातंतू, स्नायू आणि हृदय यांचा सारा कारभार या चिमूटभर शिलकीवर चालतो, म्हणून ती घटताच परावटूंचा हुकूम सुटतो: हाडांच्या खजिन्यातून उचल होते, मूत्रपिंडातून वाया जाणारे कॅल्शियम परत वळवले जाते, आणि आतड्यातून वसुली वाढावी म्हणून मूत्रपिंडाकडून ‘ड’ जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूप देवविले जाते. रोजच्या खर्चाला तूट पडू नये यासाठी खजिना रिता झाला तरी चालेल, असा हा दंडक आहे.

हुकूम देणारी ग्रंथीच अनावर झाली तर काय होते, हे १९२५ साली व्हिएन्नातील एका ट्राम-कंडक्टरवरून कळले. त्याची हाडे ठिसूळ झाली होती. हाडांच्या रोगाला तोंड देण्यासाठी परावटु वाढतात, अशी त्या काळची समजूत असल्याने फेलिक्स मांडल याने आधी त्याला दुसऱ्याच्या परावटूंचे कलम केले! गुण येईना, तेव्हा त्याने कंठ उघडून परावटूची एक गाठ काढली आणि लघवीवाटे वाहून जाणारे कॅल्शियम आटोक्यात आले. अमेरिकेतल्या एका जहाजाच्या कप्तानाचे नशीब इतकेही बरे नव्हते. हाडे खचून त्याची उंची कित्येक इंचांनी घटली, सहा शस्त्रक्रिया व्यर्थ गेल्या, आणि १९३२ साली सातव्या वेळी गाठ सापडली ती कंठात नव्हे, छातीत. त्यानंतर काही आठवड्यांतच तो वारला.

दुसऱ्या बाजूचा, म्हणजे वसुलीच कमी पडली तर काय होते याचा, पुरावा आपल्या नाशिकातून मिळाला. १९२० च्या आसपास हचिसन या डॉक्टराला तेथे असे आढळले की, मुडदूस गोरगरिबांच्या उघड्यानागड्या पोरांना नव्हे, तर गोषातल्या सुखवस्तू घरांतील, चांगल्या खात्यापित्या मुलांनाच होतो. अन्न नव्हे, ऊन कमी पडत होते. उन्हाने कातडीत ‘ड’ जीवनसत्त्व निर्माण होते, आणि ते मूत्रपिंडात कोणते रूप घेते याचा नेमका उलगडा व्हायला १९७१ साल उजाडले. म्हणूनच जुनाट मूत्रपिंडविकारात हा जमाखर्च हटकून कोलमडतो. मॅग्नेशियमचा अभाव आणि काही कर्करोगही तो बिघडवतात.

१९६३ साली बर्सन आणि यॅलो यांनी रक्तातील परावटु-संप्रेरक, म्हणजे परावटूंचा तो हुकूमच, मोजण्याची रीत दिली, आणि १९९३ साली कॅल्शियमची चाहूल घेणारा पेशीवरचा ग्राहक हाती आला. पाश्चात्त्य देशांत परावटूची गाठ आता बहुधा नेमाच्या रक्ततपासणीतच कळते. आपल्याकडे मात्र हाड मोडल्यावर किंवा मूत्रखडे झाल्यावर येणारे रुग्ण अजून बरेच, आणि ‘ड’ जीवनसत्त्वाच्या तुटीमुळे त्यांच्या रक्तातले वाढलेले कॅल्शियम कित्येकदा झाकलेच राहते. गाठ काढल्यावर अशा रुग्णांची उपाशी हाडे रक्तातले कॅल्शियम इतक्या वेगाने ओढून घेतात की, पेटके येऊ नयेत म्हणून काही दिवस ते शिरेतून चढवीत राहावे लागते.