व्यसनमुक्तीची टक्केवारी : एक खुलासा

व्यसनमुक्ती विभागास साहाय्य करणारे देणगीदार दरवर्षी एक प्रश्न हमखास विचारतात : १०० रुग्णांपैकी कितींची दारू सुटली? प्रश्न रास्त आहे. तरीही या अहवालात तो आकडा छापलेला नाही. त्यामागील कारणे विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक यांच्यापुढे मांडणे आम्ही कर्तव्य समजतो.

समजा, उपचारानंतर १०० रुग्ण घरी गेले. वर्षाअखेरीस ६० जणांशी संपर्क झाला व त्यांपैकी ३० जण दारूपासून दूर असल्याचे समजले. यश ५० टक्के म्हणावे की ३० टक्के? जे ४० जण सापडले नाहीत, त्यांत पुन्हा पिऊ लागलेलेच अधिक असण्याचा संभव असतो. त्यांना वगळणे म्हणजे बुडीत येणी हिशेबातून काढून टाकून नफा दाखवणे होय. शिवाय रुग्ण एक सांगतो, पत्नी दुसरेच सांगते. श्वासाच्या तपासणीतून फार तर त्याच दिवसाचे पिणे कळते.

गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेला आणि २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने उद्बोधक आहे. घातक प्रमाणात मद्यपान करणाऱ्या ३७७ पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांना नेहमीच्या उपचारासोबत प्रशिक्षित समुपदेशकांचे साहाय्य मिळाले. कोणता पुरुष कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरले होते. तीन महिन्यांनी पहिल्या गटातील ३६ टक्के पुरुष घातक पातळीच्या खाली आले. दुसऱ्या गटातीलही २६ टक्के आले. तुलनेचा गट नसता, तर ३६ टक्क्यांचे सारे श्रेय समुपदेशनालाच दिले गेले असते! उपचाराविना मात्र कोणालाही ठेवले नव्हते.

याहून अवघड प्रश्न संमतीचा आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मनोविकारांनाही लागू आहे आणि संशोधनासाठी रुग्णाची मुक्त व माहितीपूर्ण संमती आवश्यक मानतो. परंतु दाखल होताना ज्याचे हात थरथरत आहेत, ज्याला भावाने धरून आणले आहे आणि ज्याला मोफत खाट हवी आहे, तो कोणत्याही कागदावर सही करील. पुढे चौकशीचा दूरध्वनी घरी गेला आणि तो होणाऱ्या व्याह्यांनी उचलला, तर मुलीचे ठरलेले लग्न मोडू शकते.

यास्तव पाठपुराव्याची संमती रुग्ण पूर्ण शुद्धीवर व स्थिर झाल्यावरच, तिचा सवलतीशी संबंध नाही हे स्पष्ट करून घेतली जाते. कोणत्या क्रमांकावर, कोणत्या वेळी संपर्क साधावा आणि रुग्णालयाचे नाव सांगावे की नाही, हे रुग्णच लिहून देतो.