पांडुता आणि फुप्फुसावरणाचा कर्करोग : लोहकल्पांपूर्वी विचारावयाचा एक प्रश्न

पांडुता हे आपणा सर्व वैद्यांच्या नित्य परिचयाचे लक्षण. त्वचा व नखे यांवरील फिकेपणा, दौर्बल्य, हृद्द्रव, अल्प श्रमाने लागणारा श्वास ही लक्षणे दिसली की पुनर्नवा मंडूर अथवा नवायस लोह यांची योजना होते आणि बहुसंख्य रुग्णांना उपशय मिळतो. ज्यांना तो मिळत नाही, अशा रुग्णांच्या एका लहान गटाविषयी येथे विवेचन करावयाचे आहे.

चरकाचार्यांनी पांडुरोगाचे पाच प्रकार वर्णिले आहेत. त्याचबरोबर एक रोग दुसऱ्या रोगाचे कारण होऊ शकतो, हेही निदानस्थानात सांगितले आहे. म्हणून समोरची पांडुता स्वतंत्र रोग आहे की अन्य रोगाचे लक्षण, याचा निर्णय चिकित्सेपूर्वी व्हावयास हवा. मेसोथेलिओमा हा असाच एक मूळ रोग होय.

रोगाचे स्वरूप

फुप्फुसे, उदरातील अवयव व हृदय यांवरील पातळ आवरणाचा हा कर्करोग. बहुतांश रुग्णांत तो फुप्फुसावरणात उद्भवतो. अ‍ॅस्बेस्टॉसचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे शरीरात जाणे हे त्याचे प्रमुख कारण. दक्षिण आफ्रिकेतील वॅग्नर व सहकाऱ्यांनी १९६० साली ३३ रुग्णांच्या अभ्यासातून हा संबंध दाखवून दिला. तंतूंचा संपर्क आणि रोगाची अभिव्यक्ती यांत बहुधा २० ते ५० वर्षे जातात. त्यामुळे रुग्ण स्वतःही तो संपर्क विसरलेला असतो.

पांडुता का येते?

या रोगात इंटरल्युकिन-६ सारखी शोथजनक द्रव्ये वाढतात. त्यांच्या प्रभावाने यकृतात हेप्सिडिन हे द्रव्य अधिक प्रमाणात निर्माण होते. ते आंत्रातून लोहाचे शोषण रोखते आणि शरीरात साठलेले लोहही बाहेर पडू देत नाही. कोठारात धान्य आहे, परंतु दाराला कुलूप आहे, अशी ही अवस्था. आपल्या परिभाषेत उपमा द्यावयाची तर हा क्षय नसून मार्गावरोध होय. अशा वेळी वरून दिलेले लोह कोठाराबाहेरच राहते. यात अरुची व कृशता यांची भर पडते. पुढे रसायनोपचारांमुळेही पांडुता वाढते.

सापेक्ष निदान

केवळ हिमोग्लोबिन मोजून हा भेद कळत नाही. लोहाच्या कमतरतेत फेरिटिन कमी व लोहबंधनक्षमता वाढलेली असते. दीर्घकालीन रोगजन्य पांडुतेत फेरिटिन प्राकृत वा अधिक, लोहबंधनक्षमता प्राकृत वा कमी आणि रक्तकणांचा आकार बहुधा प्राकृत असतो. मेसोथेलिओमात बिंबाणूंची संख्या वाढलेलीही आढळते. अर्थात पांडुता हे या रोगाचे विशिष्ट लक्षण नव्हे, आणि हा रोगही विरळाच. पार्श्वशूल, वाढता श्वास, वजनातील घट आणि फुप्फुसावरणात वारंवार भरणारे पाणी यांची जोड असेल तरच शंका बळावते. आपल्याकडे असे पाणी क्षयाचे समजले जाण्याचा संभव मोठा आहे. उदरावरणाच्या प्रकारात जलोदराचा भास होतो. निश्चिती ऊतक-परीक्षेनेच होते.

प्रश्न-परीक्षेचे महत्त्व

समजा, ६५ वर्षांचा निवृत्त गिरणी कामगार श्वास व पांडुता घेऊन आला. ‘सध्या काय करता?’ या प्रश्नाने काही हाती लागणार नाही. ‘तरुणपणी कोणते काम केले?’ असे विचारल्यास बाष्पकाच्या नळ्यांवरील वेष्टन, जहाजतोडणी, सिमेंटच्या पत्र्यांचा कारखाना किंवा जुने पत्रे कापण्याचे काम उघड होईल. स्त्री रुग्णास पतीचे कामाचे कपडे झटकून धुण्याविषयी विचारावे. त्या धुळीनेही हा रोग झाल्याची उदाहरणे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्य-नोंदी नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर असेल तोवर जपण्याचे निर्देश दिले. या नोंदी रुग्णास मागता येतात.

आपले कर्तव्य

असा पूर्वेतिहास असल्यास छातीचे क्ष-किरण चित्र काढून रुग्णास विनाविलंब तज्ज्ञांकडे पाठवावे. निदानानंतर बहुतेक रुग्णांना एक-दीड वर्षाच्या आसपासच अवधी मिळतो. त्यातील तीन महिने गुटिका बदलण्यात घालविणे रुग्णास परवडणारे नाही. पेमेट्रेक्सेड सुरू असलेल्या रुग्णास फॉलिक अ‍ॅसिड व ब-१२ दिलेले असते. ते बंद करण्यास सांगू नये आणि त्या तज्ज्ञांना कळविल्याविना लोहकल्प वा भस्म देऊ नये.

औषधालयाच्या चालकांनाही एक विनंती. एखादा ग्राहक महिन्यामागून महिना लोहकल्प नेत असेल आणि हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर पुढील बाटली देण्यापूर्वी त्यास वैद्याकडे पाठवावे. लोहाने न हटणारी पांडुता हीच मूळ रोगाची सूचना असू शकते.